वरचे तीस, खालचे बावीस

आकड्यांच्या कचेरीत काम करणाऱ्या माणसाला एक वाईट खोड लागते. त्याला नुसता आनंद होत नाही. काही चांगलं घडलं की तो आधी विचारतो, हे घडण्याची शक्यता कितपत होती? उत्तमरावांना ही खोड कचेरीत शिरण्याआधीच लागली होती, कारण ते उस्मानिया विद्यापीठाचे गणिताचे पदवीधर. गणित शिकले तेही उर्दूतून. त्यामुळे संभाव्यतेला ते मनातल्या मनात अजून एहतिमाल म्हणत आणि गुणाकार मात्र मराठीत करत.

कचेरी हैदराबाद शहरात अफझलगंजात होती. हैदराबाद राज्यातल्या पिकांचे आणि बाजारभावांचे आकडे तिथं गोळा होत, आणि मराठवाड्याच्या जिल्ह्यांचं टेबल तिघं जण सांभाळत: अप्पाराव, हिम्मतराव आणि उत्तमराव. साल छप्पन्न होतं. एक नोव्हेंबरला हे राज्यच उरणार नव्हतं. मराठवाडा मुंबई राज्यात, तेलंगण आंध्रात, कानडी जिल्हे म्हैसुरात जाणार होते. राज्याची वाटणी म्हटल्यावर कपाटं आली, खुर्च्या आल्या आणि खुर्च्यांवरची माणसंही आली. हसतमुखानं वाटणी झालेली कुणी पाहिली आहे? भावाभावांत जमत नाही तिथं सरकारचं काय घेऊन बसलात.

मोठ्या साहेबांनी तिघांना बोलावून सांगितलं, की मराठी टेबल औरंगाबादला हलेल, पण जुनं काम निपटायला एक माणूस इथं लागेल, आणि जो राहील तो कायमचा राहील. कोण ते त्यांनी सांगितलं नाही. साहेब भले होते, आणि भल्या माणसाला कुणाचा वाईटपणा नको असतो. "आपस में तय कर लेव," ते म्हणाले, "सोमवार कू एक नाम बोल देव." एवढं बोलून त्यांनी पान तोंडात टाकलं.

अडचण अशी होती, की राहायचं तिघांनाही होतं. अप्पाराव पन्नाशीचे, उदगीरकडच्या शेतकरी घरातले, पण अर्धं आयुष्य इथं हैदराबादेत, नल्लकुंट्यात गेलेलं. गावाकडं गेले की चौथ्या दिवशी त्यांना इथल्या चहाची आठवण येऊन डोकं दुखायला लागे. हिम्मतराव परभणीकडचे, वयानं सगळ्यांत लहान. त्यांची बायको भामा हैदराबादचीच, तिचं माहेर कचेरीपासून हाकेच्या अंतरावर. उत्तमराव नांदेडकडच्या एका गावचे. त्या गावात त्यांचं घर कोणत्या बाजूला होतं आणि पाणी कोणत्या विहिरीचं होतं हे सांगत बसत नाही, समजायचं ते समजून घ्या. हैदराबादेत मात्र बरकतपुऱ्यामागच्या गल्लीत खोली देताना घरमालकानं त्यांना फक्त एवढंच विचारलं होतं, की सायकल आत ठेवणार का बाहेर. त्यांची बायको मनकर्णा सरकारी इस्पितळात नर्सचं शिक्षण घेत होती आणि तिचं शेवटचं वर्ष चालू होतं. उत्तमरावांची बदली झाली तर तिनं एकतर ते शिक्षण अर्धवट सोडायचं, नाहीतर नवराबायकोनं दोन गावांत दोन चुली मांडायच्या. इथं राहायला मिळालं तर सगळंच सुटत होतं.

आठवडाभर तिघं एकमेकांशी फार गोड बोलले. जिथं गोडवा अचानक वाढतो तिथं काहीतरी शिजत असतं. शेवटी अप्पारावांनीच तोडगा काढला. पत्ते ओढायचे.

यात नवल काही नव्हतं. मधल्या सुट्टीत तिघं रोज पाच-तीन-दोन खेळत. तीनच भिडू लागतात आणि एकाला पाच हात करावे लागतात, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला दोन, असा तो खेळ. त्याला सगळी बावन्न पानं लागत नाहीत. अठ्ठीपासून एक्क्यापर्यंतची सगळी पानं घ्यायची, त्यांत इस्पिक आणि बदाम या दोन सत्त्या घालायच्या, की तीस होतात. बाकीचे बावीस पत्ते, म्हणजे दुर्रीपासून छक्कीपर्यंतचे आणि उरलेल्या दोन सत्त्या, अप्पारावांच्या खणात वेगळ्या गड्डीत सुतळीनं बांधून पडलेले असत. तिघं त्यांना पेन्शनर म्हणत.

एकेक पत्ता ओढला तर बरोबरी होण्याचा धोका, म्हणून प्रत्येकानं तीन ओढायचे आणि बेरीज करायची असं ठरलं. गुलाम अकरा, राणी बारा, राजा तेरा, एक्का चौदा. ज्याची बेरीज जास्त तो राहील. उत्तमरावांना ही कल्पना मनापासून आवडली. वशिला, वय, नोकरीची वर्षं, कुणाचा कोण, यातलं पत्त्याला काही कळत नाही. तिघांना सारखीच संधी, तिनांत एक. आयुष्यात इतकी स्वच्छ संधी त्यांना फार वेळा मिळाली नव्हती.

शनिवारी कचेरी सुटल्यावर अप्पारावांनी दोन्ही गड्ड्या सोडल्या, एकत्र केल्या आणि पिसल्या. त्यांच्या पिसण्यात आवाज बराच होता. मग टेबलावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पत्त्यांची लांब ओळ पसरली आणि ज्यानं त्यानं आपल्या पुढ्यातले ओढावेत असं सांगितलं. उत्तमराव एका टोकाला बसले होते, ते दोघं दुसऱ्या टोकाला. त्यांनी तीन पत्ते उलटले, किलवर राणी, चौकट नव्वी आणि बदाम सत्ती. अठ्ठावीस. अप्पारावांना निघाली तिर्री, चौकी आणि छक्की. हिम्मतरावांना दुर्री, पंजी आणि चौकट सत्ती. दोघं मिळूनही एकट्या उत्तमरावांच्या पुढे गेले नाहीत.

अप्पारावांनी उत्तमरावांची पाठ थोपटली आणि जरुरीपेक्षा थोडं जास्तच हसले. हिम्मतरावही हसले, पण जरा उशिरा. उत्तमरावांचा आनंद पोटात मावेना. मनकर्णेला केव्हा सांगतो असं झालं होतं. त्यांनी सायकल काढली आणि काचीगुड्याच्या रस्त्याला लागले.

आणि तिथं ती खोड आडवी आली.

सुरुवात साधीच झाली. दोघांचे मिळून सहा पत्ते, त्यांतला एकही सत्तीच्या वर नाही, हे कितीदा होईल? पत्ता सत्तीच्या वरचा निघणं आणि सत्ती किंवा तिच्या खालचा निघणं, जवळजवळ निम्मं निम्मं. म्हणजे नाणं सहा वेळा उडवावं आणि सहाही वेळा काटा पडावा, तसं. चौसष्टांत एकदा. पण ओढलेला पत्ता परत आत जात नाही, खालचे पत्ते प्रत्येक वेळी कमी होत जातात, तेव्हा त्याहूनही बरंच कमी. शंभरांत एकदासुद्धा मुश्किल. ठीक आहे, उत्तमरावांनी स्वतःला बजावलं, शंभरांत एकदा घडतं ते कधीतरी घडतंच, ते आज माझ्या वाट्याला आलं. दुर्मीळ गोष्ट घडली म्हणून कुणी ती घडवली असं होत नाही.

बरकतपुऱ्याच्या वळणावर त्यांना सत्त्या आठवल्या. आपली बदामाची. हिम्मतरावांची चौकटची.

सायकल जामाच्या बंडीवर, म्हणजे पेरूच्या हातगाडीवर, जाऊन आदळता आदळता राहिली. बंडीवाल्यानं तेलुगूत दोन शब्द ऐकवले, ते उत्तमरावांच्या कानांपर्यंत पोचले नाहीत. बदाम सत्ती तिसांतली. चौकट सत्ती पेन्शनरांतली. आपले तिन्ही पत्ते वरच्या तिसांतले आणि त्या दोघांचे सहाही खालच्या बाविसांतले, एकही इकडचा तिकडे नाही. त्यांनी रस्त्याच्या कडेला एक पाय टेकून पुन्हा गुणाकार केला. हजारांत एक. गड्ड्या मिसळल्याच नव्हत्या. तीस आपल्या टोकाला आणि बावीस त्या दोघांच्या टोकाला, नुसते एकापुढे एक मांडले होते. आणि अप्पाराव पत्ते पिसताना एवढा आवाज का करत होते, तेही त्यांच्या लक्षात आलं.

घरी मनकर्णा ड्यूटीवरून येऊन भाकरी थापत होती. राहायला मिळालं हे त्यांनी दारातूनच सांगितलं, पण ज्या आवाजात सांगितलं त्यात आनंदाचा मागमूस नव्हता. ती हातातलं पीठ तसंच ठेवून वळली.

"राहायला भेटलं म्हणता, आन् तोंड असं कामून?"

त्यांनी सगळं सांगितलं. मनकर्णा पाच-तीन-दोन त्यांच्यापेक्षा बरी खेळायची, तेव्हा सत्त्यांची गोष्ट तिला समजावून सांगावी लागली नाही. हजारांत एक म्हणजे होतच नाही असं तर नाही ना, एवढं तिनं विचारून पाहिलं. होतं, ते म्हणाले. मग झालं असंल, ती म्हणाली, पण तिचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला नव्हता. तव्यावरची भाकरी तिनं दोनदा उलटली आणि मग तिला राग आला. तो अप्पारावांवर आला नाही, नवऱ्यावर आला.

"समजा केलं त्यांनी. वाईट तर नाही केलं ना? आपल्याला आजवर फुकट कुणी काय दिलं? आता भेटतंय तर गप घ्यावं की. माझं वर्ष राहिलंय एक."

ती खरं बोलत होती. दसऱ्याला दोघं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते. त्या अफाट गर्दीतून परतल्यापासून त्यांना एक नवीच सवय लागली होती. कुणी अडवलं तर पूर्वीइतकाच राग येई, पण कुणी कीव केली तर पूर्वीपेक्षा जास्त टोचे. ते तिला तसं सांगायला गेले आणि शब्द नीट जुळेनात. ते म्हणाले, की समोर बसून विचारलं असतं, उत्तमराव तुम्ही राहा, आम्ही जातो, तर कदाचित मी हो म्हटलं असतं, कदाचित नाही. पण विचारलंच नाही. माझ्यासाठी खेळ मांडला आणि मला सांगितलं की तू खेळून जिंकलास.

मनकर्णेनं भाकरी टोपल्यात टाकली. मग एकदम हात थांबवून म्हणाली, "हिम्मतरावांची भामा परवा इस्पितळात आली होती. आठवा चालू हाय तिला. म्हणत होती, माय जवळ हाय म्हणून भ्याव वाटत नाही." तिनं तवा खाली उतरवला. "हे कशाला आठवलं मला," ती स्वतःवरच चिडून म्हणाली.

आठवलं ते आठवलं. जेवताना त्याविषयी दोघं फारसं बोलले नाहीत, कारण बोलण्यासारखं उरलं नव्हतं. भांडी घासून झाल्यावर तिनं एवढंच सांगितलं, की उद्या अप्पारावांकडे मीही येते, आणि पुन्हा ओढायचे तर पत्ते मी पिसणार. त्यांनी थट्टेनं विचारलं, पंचशीलात पत्त्यांची मनाई तर नाही ना? ती म्हणाली, पत्त्यांची नाही, खोट्याची आहे. आणि तशीही हजारांत एक म्हणजे काय ते मला एकदा नीट समजावा, तुमच्या बोलण्यात निम्मं उर्दू असतं. त्यांनी ज्वारीच्या दाण्यांवर समजावलं. तिला समजलं, पटलंही, आणि मग मात्र ती हसली. म्हणाली, अप्पारावांना चोरीसुद्धा धड करता येत नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. दिवाळी तोंडावर आली होती. नल्लकुंट्यात अप्पारावांच्या घरी त्यांच्या पत्नी तारामतीबाई शंकरपाळे तळत होत्या, आणि रविवारच्या रिवाजाप्रमाणे हिम्मतराव तिथं चहाला आलेलेच होते. उत्तमराव बायकोसह आलेले पाहून अप्पाराव आनंदले. पेढे घेऊन आले असतील असं त्यांना वाटलं. उत्तमराव चटईवर बसले आणि पहिल्याच वाक्यात त्यांनी विचारलं, की तीस आणि बावीस न मिसळताच मांडले होते ना?

अप्पारावांनी आधी छताकडे पाहिलं. मग खोकले. मग असं कसं, तुमच्यासमोर पिसले की, असं म्हणून पाहिलं. खोटं बोलण्याचा सराव नसलेला माणूस किती हाल करून घेतो ते पाहवत नाही. उत्तमरावांनी त्यांना हजारांत एक सांगितलं, त्याचा परिणाम झाला नाही. मग सत्त्या सांगितल्या. तेव्हा अप्पारावांनी कपाळावर हात मारला.

"हौ, सत्त्यांनी घात केला," ते म्हणाले, आणि मग सगळंच बाहेर पडलं. त्यांनी आठवडाभर विचार केला होता. त्यांना गावाकडं रान होतं, भाऊबंद होते. हिम्मतरावांनाही तिकडं घर होतं. "आमाला तिकडं जाऊन काय, चार दिवस वंगाळ वाटंल. पण उत्तमराव, तुमाला तिकडं काय हाय? पुन्हा तेच सगळं. ते मला बगवत नाही. सरळ सांगितलं असतं तर तुमी घेतलं नसतं, मला ठाऊक हाय तुमचा स्वभाव. म्हणून मग असं."

बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले होते. उत्तमरावांनाही गहिवरल्यासारखं झालं. या माणसानं आपल्यासाठी आपली जागा सोडली होती आणि त्याचा डांगोरा पिटला नव्हता. इतकी माया त्यांना कचेरीत कुणी लावली नव्हती. राग आणि माया एकाच वेळी पोटात असली की माणसाचा आवाज खाली येतो. त्यांचा तसाच आला.

"अप्पाराव, मागं ढकलणारे मी पुष्कळ पाहिले. पुढं ढकलणारे तुम्हीच पहिले. तुमचे उपकार मी विसरणार नाही. पण ढकलणं ते ढकलणंच. मला एकदा तुमच्यासारखं, तुमच्या बरोबरीनं ओढू द्या."

मग उत्तमराव हिम्मतरावांकडे वळले आणि त्यांना या बेताबद्दल विचारलं होतं का, असं विचारलं. हिम्मतराव चहाच्या बशीकडे पाहत म्हणाले, अप्पारावांनी सांगितलं, मी हौ म्हणलो, चांगल्या कामाला नाही कसं म्हणायचं? भामेला सांगितलं का, हे मनकर्णेनं विचारलं. हिम्मतरावांनी मान हलवली. अजून नाही. कसं सांगावं ते कळत नाही. आणि एवढं बोलून त्या तरण्या माणसाचा चेहरा असा झाला, की चांगुलपणाची किंमत कुणाच्या खिशातून गेली ते अप्पारावांनाही दिसलं.

"मला तरी कुठं विचारलं?" स्वयंपाकघरातून तारामतीबाई म्हणाल्या. त्या झारा हातात घेऊनच दारात आल्या होत्या. "मी म्हणते, द्यावी जागा, माझं काही म्हणणं नाही. पण सामान मी बांधणार, नवा शेजार मी जोडणार, आन् ठरवलं कुणी? ह्यांनी आन् पत्त्यांनी."

आता अप्पारावांच्या बाजूनं कुणीच उरलं नव्हतं. त्यांनी मुकाट्यानं घरातले पत्ते काढून दिले.

मनकर्णेनं बावन्न पानं मोजून घेतली आणि चटईवर बसून पिसायला लागली. कणीक मळावी तशी तिनं ती गड्डी उलटसुलट केली, फोडली, पुन्हा जोडली. तारामतीबाईंनी हाताचं पीठ पुसून ती मध्ये कापली. या वेळी ओळ नाही, गड्डी मध्ये ठेवायची आणि पाळीपाळीनं वरचा पत्ता घ्यायचा असं ठरलं. पहिल्यांदा कोण, यावरून घोळ झाला. सगळ्यांत शेवटी ओढायची पाळी हिम्मतरावांवर आली तेव्हा ते बिचकले. चांगले पत्ते आधीच निघून गेले तर माझ्या वाट्याला काय, असं त्यांना वाटत होतं. तीच गोष्ट पुष्कळ शहाण्या माणसांनाही वाटते.

"वाईट पत्तेही आधी निघून जातील की," उत्तमराव म्हणाले. "पहिला बसा, शेवटी बसा, एहतिमाल तेवढाच."

पहिलाच पत्ता उत्तमरावांनी उलटला तो इस्पिक एक्का. मनकर्णेनं श्वास आत घेतला तो सगळ्यांना ऐकू आला. अप्पारावांना बदाम राजा आला, हिम्मतरावांना चौकट दश्शी. दुसऱ्या फेरीत उत्तमरावांना चौकी, अप्पारावांना तिर्री, हिम्मतरावांना नव्वी. तिसऱ्या फेरीत उत्तमरावांना किलवर अठ्ठी मिळाली. एकूण सव्वीस. अप्पारावांना दुर्री मिळाली आणि ते अठरावर थांबले, आणि खरं सांगायचं तर त्यांनी सुस्कारा सोडला.

हिम्मतराव एकोणीसवर होते. त्यांचा हात गड्डीकडे गेला आणि उत्तमरावांच्या डोक्यात, ते नको नको म्हणत असताना, हिशेब होऊन बसला. आठ पत्ते दिसलेत, चव्वेचाळीस राहिलेत. अठ्ठी किंवा तिच्या वरचं काहीही आलं तर हिम्मतराव जिंकले, असे पत्ते तेवीस. सत्ती आली तर बरोबरी, त्या चार. बाकीचे सतरा आपले. तेवीसविरुद्ध सतरा. जास्त वाईट नाही. त्यांनी मनकर्णेकडे पाहिलं. ती हिम्मतरावांच्या बोटांकडे पाहत होती, आणि तिच्या ओठांची हालचाल होत होती. इस्पितळ, ती गल्ली, सायकल, घरी दोघांनी मिळून घेतलेला चहा, हे सगळं त्या एका पत्त्याच्या पालथ्या बाजूला पडून होतं. उत्तमरावांना राहायचं होतं. फार राहायचं होतं. असं असूनही त्या क्षणी त्यांना जे वाटलं ते भय नव्हतं. खेळात असल्यासारखं वाटलं. अगदी आत, मधोमध.

हिम्मतरावांनी पत्ता उलटला. किलवर गुलाम. तीस.

कुणी जल्लोष केला नाही. हिम्मतराव त्या गुलामाकडे असे पाहत राहिले जणू त्यानंच काही गुन्हा केला. मग घाईघाईनं म्हणाले, उत्तमराव, अजून सोमवार उजाडायचाय, नाव कुणाचंही सांगता येईल. उत्तमरावांनी त्यांचा खांदा धरून हलवला आणि सांगितलं, की नाव तुमचंच जाईल, आता उठा, घरी जा, भामा वाट पाहत असेल. हिम्मतराव चपला घालताना उजवीडावी विसरले. रस्त्याला लागल्यावर मात्र ते चालत नव्हते, जवळजवळ पळत होते.

तारामतीबाईंनी शंकरपाळ्यांचा डबा भरून मनकर्णेच्या हातात दिला. तुम्ही दोघी आता औरंगाबादेत शेजारणी व्हा, असं अप्पाराव म्हणाले, तेव्हा मनकर्णेनं त्यांना ठणकावून सांगितलं, की मी माझं वर्ष पुरं करून येणार, नर्सेसच्या हॉस्टेलात राहीन, तोवर माझ्या नवऱ्याच्या जेवणाचं तुम्ही बघायचं, तुमच्या पुण्याईला तेवढं प्रायश्चित्त बस्स. तारामतीबाई म्हणाल्या, एवढंच ना, आणि अप्पारावांनी कान पकडले.

उत्तमराव आणि मनकर्णा चालतच घरी निघाले. सायकल हातात होती आणि डबा कॅरियरला. ऊन उतरलं होतं. मग ती म्हणाली, मी मनात काय म्हणत होते सांगू? दुर्री निघू दे, दुर्री निघू दे. भामेचं पोट डोळ्यांपुढं होतं, तरी हेच म्हणत होते. ते म्हणाले, मीसुद्धा. दोघंही हसले, आणि हसता हसता तिनं एकदा डोळे पुसले.

"वर्षभर एकटं राहायचंय," ती म्हणाली. "हरून आलात. आन् चेहरा तर काल जिंकून आलात त्याच्यापेक्षा बरा दिसायलाय. असं कसं?"

उत्तमराव सायकल ढकलत थोडं चालले.

"आजवर आपलं हरणं आधी कुणीतरी ठरवून ठेवलेलं असायचं," ते म्हणाले. "काल जिंकणंही तसंच ठरवून ठेवलेलं होतं. आज पत्ता उलटेपर्यंत कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांना नाही, मला नाही. मी पहिल्यांदाच सगळ्यांसारखा हरलो, मनकर्णा."

काचीगुडा स्टेशनाकडून गाडीची शिट्टी ऐकू आली. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर तिनं कॅरियरवरचा डबा काढून हातात घेतला.

"तिकडं घर बघाल ना," ती म्हणाली, "तर मला विचारल्याबिगर ठरवू नका."

"नाही ठरवणार," उत्तमराव म्हणाले, आणि त्यांनी सायकल आत घेतली.